आमचं घड्याळ चालतं, त्यांचं धावतं

इंग्रजी शिकताना पहिल्या वर्षी शब्दांच्या जोड्या पाठ होतात. 'ईट' म्हणजे खाणे, 'स्लीप' म्हणजे झोपणे, 'रन' म्हणजे धावणे. पहिल्या दोन जोड्या बऱ्यापैकी टिकतात. तिसरी मात्र शाळेच्या फाटकाबाहेर पडताच कुरकुरायला लागते. इंग्रजीत सर्दी झाली की नाक धावतं, नळ उघडा राहिला तर पाणी धावतं, उभ्या मोटारीचं इंजिन जागच्या जागी धावतं. रस्ता नदीच्या काठाने धावतो, नाटक वर्षभर धावतं, कपडे भिजवले की कच्चा रंग धावतो, दवाखान्याचं बिल लाखांत धावतं. वर्तमानपत्र एखादी बातमी धावतं, एखादी बाई दुकान धावते आणि डब्यातली साखर 'बाहेर धावली' म्हणजे संपली. मराठीत ही वाक्यं जशीच्या तशी मांडली की हसू येतं, आणि मग सहज म्हटलं जातं की इंग्रजी भाषाच विचित्र, तिला ना नियम ना धरबंध. हे मत सोयीचं असलं तरी खरं नाही. 'रन'च्या या पसाऱ्यात गोंधळ दिसतो तो आपण हातात धरलेल्या जोडीमुळे. शब्दाचा त्यात फारसा दोष नाही. तो ज्या रीतीने वाढला आहे ती रीत मराठी बोलणाऱ्याला चांगली ठाऊक आहे. फक्त आपण तिच्याकडे कधी निरखून पाहिलेलं नसतं.

आधी आकड्याचं पाहू, कारण या शब्दाची कीर्ती त्याच्या आकड्यावर उभी आहे. 'ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरी' हा इंग्रजीचा सर्वांत मोठा ऐतिहासिक कोश. त्याची पहिली आवृत्ती १९२८ साली पूर्ण झाली. १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीत सर्वांत लांब नोंद होती 'सेट' या क्रियापदाची: सुमारे ६० हजार शब्दांची, म्हणजे एखाद्या बऱ्यापैकी कादंबरीएवढी. तिसऱ्या आवृत्तीसाठी जुन्या नोंदी तपासण्याचं काम 'एम' या अक्षरापासून सुरू झालं आणि 'सेट'चा विक्रम एकामागून एक मोडत गेला. २००० साली 'मेक' पुढे गेला, २००७ साली 'पुट', आणि २०११ साली 'रन'. ही शेवटची नोंद पीटर गिलिव्हर या कोशकाराने तयार केली. एका शब्दापायी त्यांचे नऊ महिने गेले आणि हाती लागले ६४५ अर्थ, तेही फक्त क्रियापदाचे. नामाचे वेगळे. ही डोकेदुखी नव्या काळातली नाही. सॅम्युअल जॉन्सनने १७५५ साली आपला कोश प्रसिद्ध केला, तेव्हा प्रस्तावनेतच त्याने अशा क्रियापदांची एक यादी देऊन तक्रार केली होती की यांचे अर्थ इतके सैल आणि पसरट आहेत की त्यांना व्याख्येत पकडणं कठीण. त्या यादीत 'रन' होताच. सोबत 'गेट', 'गिव्ह', 'गो', 'टेक', 'पुट', 'सेट', 'टर्न' होते. यादी पाहिली की एक गोष्ट डोळ्यांत भरते. हे सगळे शब्द छोटे, जुने, घरगुती आहेत. भारदस्त वाटावा असा शब्द त्यांत एकही नाही.

६४५ हा आकडा ऐकून छाती दडपते खरी, पण तो नेमका कशाचा आकडा आहे? अमेरिकेतल्या प्रिन्स्टन विद्यापीठात तयार झालेल्या 'वर्डनेट' या संगणकीय कोशात 'रन' या क्रियापदाचे ४१ अर्थ दिले आहेत. शब्द तोच, भाषा तीच, काळही जवळपास तोच; तरी एका ठिकाणी ६४५ आणि दुसऱ्या ठिकाणी ४१. दोघांपैकी कोणाचीच चूक नाही. ऑक्सफर्डचा कोश हजार-अकराशे वर्षांचा हिशेब ठेवतो. आज कोणी वापरत नाही असे अर्थही तो जपून ठेवतो, आणि माणूस धावतो तो एक अर्थ, घोडा धावतो तो दुसरा, जहाज वाऱ्यासोबत धावतं तो तिसरा, अशा बारीक फोडी करतो. वर्डनेटला इतकं बारीक चिरायचं कारण नाही. म्हणजे अर्थ किती, हे सुरीची धार किती बारीक यावर ठरतं. भाजी एकच, कोणी तिचे चार तुकडे करतं, कोणी कोशिंबिरीसारखी कातरतं. लंडनमधला बसचालक किंवा शिकागोतला न्हावी डोक्यात ६४५ कप्पे बाळगत नाही. त्याच्याजवळ दोन-तीन चित्रं असतात आणि बाकीचं काम शेजारचे शब्द करतात.

ही दोन-तीन चित्रं आली कुठून हे पाहायला शब्दाच्या बालपणात जावं लागतं, आणि तिथे एक महत्त्वाची गोष्ट सापडते. आजचा 'रन' हा मुळात एक शब्द नव्हता. जुन्या इंग्रजीत एक क्रियापद होतं 'रिनन', आणि त्याचंच जास्त रुळलेलं रूप 'इर्नन'. 'नुकसान'चं बोलीत 'नुस्कान' होतं तशीच ही वर्णांची अदलाबदल. त्याचा अर्थ धावणे आणि वाहणे, दोन्ही. दुसरं क्रियापद होतं 'एर्नन': धावायला लावणे, घोडा दौडवणे. हे पहिल्याचं प्रयोजक रूप, आपल्या पळणे-पळवणेसारखं. पुढच्या काही शतकांत इंग्रजीचे प्रत्यय झिजत गेले, इंग्लंडमध्ये वसलेल्या उत्तरेकडच्या लोकांच्या नॉर्स भाषेतली तशीच जोडी येऊन मिसळली, आणि सगळ्यांचं मिळून एकच रूप उरलं. जर्मन भाषेने मात्र दोन्ही शब्द अजून वेगळे ठेवले आहेत: पाण्याचं झिरपणं-वाहणं म्हणजे 'रिनन' आणि धावणं म्हणजे 'रेनन'. ही हकीकत कळली की नाक का धावतं, याचं नवल उरत नाही. नाक धावत नाहीच. ते वाहतंय, जसं ते मराठीतही वाहतं. नळ, रंग, मेण, अश्रू, शाई, सगळे या वाहण्याच्या शाखेतले. अमेरिकेच्या काही भागांत ओढ्यालाच 'रन' म्हणतात. तिथल्या यादवी युद्धातली १८६१ ची पहिली मोठी लढाई 'बुल रन'ची म्हणून प्रसिद्ध आहे. नाव ऐकून बैलांच्या शर्यतीचं चित्र उभं राहतं, पण तो व्हर्जिनियातला एक ओढा आहे. दूध साकळण्यालाही इंग्रजीत एकेकाळी हेच क्रियापद लावत, आणि चीज करताना दुधात घालायचं 'रेनेट' हे त्याच कुळातलं मानलं जातं. आपल्याकडे विरजण 'लागतं', त्यांच्याकडे दूध 'धावायचं'.

दुसरी शाखा प्रयोजकाची. दुकान धावणारी बाई मराठीत हास्यास्पद वाटते, कारण मराठीला तिथे 'वणे' लागतो. दुकान चालतं, बाई दुकान चालवते. पतंग उडतो, पोरगं पतंग उडवतं. इंग्रजीकडे हा प्रत्यय उरला नाही, त्यामुळे एकच रूप दोन्ही कामं करतं, आणि हे 'रन'पुरतंच नाही. पतंग, कुत्रा, घोडा सगळ्यांना तोच न्याय. (मराठीही अगदी सोवळी नाही. पाणी उकळतं आणि आपणही पाणी उकळतो. तिथे आपल्याला कोणी विचारत नाही की नक्की कोण उकळतंय.) आता हिशेब करून पाहा. मराठी कोशात चालणे आणि चालवणे या दोन नोंदी होतील, धावणे, धाववणे, पळणे, पळवणे, वाहणे या आणखी पाच. इंग्रजी कोशात या सातांचं बरंचसं ओझं एकट्या 'रन'च्या पाठीवर येतं. तेव्हा ६४५ हा आकडा मराठीतल्या कुठल्याही एका शब्दाशेजारी ठेवणं म्हणजे एकत्र कुटुंबाचा वाणसामानाचा हिशेब एकट्या माणसाच्या खर्चाशी ताडून पाहणं.

तरीही वाहणं आणि प्रयोजक वजा केले तरी बरंच उरतं: यंत्र, घड्याळ, गाड्या, कारखाना, नाटक, करार, सरकार, संगणकाचा प्रोग्राम. इथेच मराठीचा आरसा समोर धरावा. आपलं घड्याळ चालतं. यंत्र चालतं, पंखा चालतो, गिरणी चालते, खटला चालतो, सिनेमा चालतो, नाणं चालतं, घर चालतं, सरकार चालतं. घड्याळाला पाय नाहीत आणि खटला न्यायालयाच्या बाहेरही पडत नाही. जिथे इंग्रज माणूस धावतो तिथे आपण चालतो, एवढाच फरक. फ्रेंच माणूस आपल्यासोबत चालतो: त्याच्याकडे यंत्र चालतं, आणि बेत पसंत पडला की तो जे म्हणतो त्याचा शब्दशः अर्थ 'ते चालतं' असा होतो. आपल्या 'चालेल'चा तो सख्खा भाऊ. जर्मन इंग्रजाच्या बाजूचा, त्याचं यंत्र धावतं. माणसाने पायांच्या हालचालीचा एक ओळखीचा शब्द घ्यावा आणि न थांबता, ठरल्या वाटेने, आपोआप होत राहणाऱ्या प्रत्येक गोष्टीला तो लावावा, ही खोड एका भाषेची नव्हे. ज्या शब्दांत ती आपल्याला जाणवतही नाही, तिथेही ती आहे. बँकेतल्या 'करंट अकाउंट'मधला 'करंट' लॅटिनच्या धावण्याच्या क्रियापदातून आला; आपण त्याला 'चालू खातं' म्हणतो, म्हणजे धावत्याला आपण चालतं केलं. 'कोर्स' आणि 'करिक्युलम' हेही त्याच लॅटिन धावण्याचे वंशज, आणि आपला 'अभ्यासक्रम' पाहावा तर त्यातला 'क्रम' संस्कृतातल्या पाऊल टाकण्याचा. युरोपातला विद्यार्थी धावत पदवीपर्यंत पोचतो, आपला पावलापावलाने. परीक्षेच्या आदल्या रात्री दोघांची गती सारखीच असते, ते सोडा.

इथे पहिला आक्षेप येतो: ते काही असो, ६४५ अर्थांचा शब्द जिच्याकडे आहे ती भाषा जास्त समृद्ध नाही का? अर्थांची संख्या आणि समृद्धी यांची ही सांगड मुळातच तपासायला हवी. अमेरिकन अभ्यासक जॉर्ज झिफ याने १९४५ साली शब्दांची वारंवारता आणि त्यांचे अर्थ यांचा संबंध मांडला. जो शब्द जास्त वापरला जातो त्याला अर्थ जास्त असतात, आणि ही वाढ साधारण वर्गमुळाच्या प्रमाणात होते, असं त्याचं म्हणणं. म्हणजे शंभरपट वापरल्या जाणाऱ्या शब्दाला ढोबळमानाने दहापट अर्थ. पुढे इतर भाषांतही हा कल दिसून आला. कारण समजायला कठीण नाही. रोज हातात असणारा विळा गवतही कापतो, दोरीही कापतो, प्रसंगी पाकिटाची कडही फाडतो. कपाटात जपलेला अडकित्ता सुपारीपुरताच राहतो. मराठीतलं 'लागणे' घ्या. भूक लागते, ठेच लागते, आग लागते, दार लागतं, डोळा लागतो, निकाल लागतो, लग्न लागतं, वेड लागतं. झाडाला फळ लागतं, गाडी फलाटाला लागते आणि गाडीतल्या प्रवाशालाही गाडी 'लागते'. प्रवासाला वेळ लागतो, तिकिटाला पैसे लागतात, आमटी खारट लागते, बोलणं मनाला लागतं, समोरचा आपला मावसभाऊ लागतो, कोणी हसायला लागतं आणि कोणाला निमूट जावं लागतं. परभाषकाच्या नजरेतून ही यादी पाहिली तर 'रन'ची यादी सौम्य वाटावी. 'लागणे'वर कोणी नऊ महिने बसलं आणि गेल्या सातशे वर्षांच्या मराठी लेखनातून बारीक फोडी काढल्या, तर जो आकडा निघेल तो ऐकून मराठी माणसाच्या अंगावर मूठभर मांस चढेल. पण तोही मराठी इतरांहून श्रीमंत असल्याचा पुरावा ठरणार नाही. तो फक्त इतकंच सांगेल की हा शब्द फार कष्ट करतो. इंग्रजीच्या बाजूने एक गोष्ट खरी आहे: तिचे कष्ट मोजायला माणसं बसवलेली आहेत आणि ती गेली दीडशे वर्षं उठलेली नाहीत. समृद्धी मोजायचीच तर ती तिथे मोजावी.

दुसरा आक्षेप जास्त धारदार आहे आणि तो शिकणाऱ्यांकडून येतो. चित्रांची गोष्ट ठीक, पण 'रन आउट' म्हणजे संपणे, 'रन इन्टू' म्हणजे अचानक गाठ पडणे, 'रन डाउन' म्हणजे नावं ठेवणे किंवा गाडीखाली घेणे, हे कुठल्या चित्रातून ओळखायचं? हे पाठच करावं लागतं, मग तुमचं चित्र काय कामाचं? यातला काही भाग सरळ मान्य करावा लागतो. भाषेत जुन्या अपघातांच्या खुणा असतात आणि त्यांना तर्क लावून उपयोग नाही. 'रन द गाँटलेट' म्हणजे चहूबाजूंनी मारा सोसत पुढे जाणे. 'गाँटलेट' म्हणजे लोखंडी हातमोजा, आणि हातमोज्याचा इथे काही संबंध नाही. सतराव्या शतकात स्वीडनच्या सैन्यात शिक्षा म्हणून सैनिकाला दोन रांगांमधून पळवत आणि दोन्ही बाजूंनी फटके देत. त्या शिक्षेच्या स्वीडिश नावाचा अर्थ 'गल्लीतली धाव' असा होता. इंग्रजांच्या कानाने ते ऐकलं आणि ओळखीच्या हातमोज्याच्या खुंटीला टांगलं. निवडणुकीचंही तसंच. अमेरिकेत उमेदवार धावतो, ब्रिटनमध्ये तीच इंग्रजी बोलणारा उमेदवार उभा राहतो. मराठीत तो उभाही राहतो आणि निवडणूक लढवतोही. धावत मात्र नाही, निदान निकाल लागेपर्यंत तरी. यांतलं कोणतं क्रियापद का निवडलं गेलं हे त्या त्या समाजाच्या सवयीवर आहे, आणि ते नुसत्या चित्रावरून आधी ओळखता आलं नसतं.

पण आधी ओळखता येत नाही म्हणजे नंतर समजतही नाही, असं नाही. आक्षेप इथे दोन गोष्टींची गल्लत करतो. अमेरिकेत उमेदवार धावतो हे एकदा कळलं की त्यामागची शर्यत लगेच दिसते, जशी 'उभा राहतो'मागची भर सभेत पुढे येऊन उभी राहिलेली व्यक्ती दिसते. 'रन आउट'मध्ये वाहण्याची जुनी शाखा जागी आहे: पिंपाची तोटी उघडी राहिली, पाणी बाहेर वाहून गेलं, पिंप रिकामं. साखर, पेट्रोल, वेळ आणि संयम, सगळे त्याच तोटीतून गेले. 'रन इन्टू'मध्ये धावणारा कोपऱ्यावर वळला आणि समोरच्यावर आदळला. मराठीत अशा वेळी 'अमका अचानक धडकला' म्हणतातच. क्रिकेट तर या बाबतीत उत्तम शिक्षक आहे. सुरुवातीच्या काळात गुण काठीवर खाचा पाडून मोजत, आणि फटका कितीही दूर गेला तरी फलंदाजांना प्रत्येक गुण खरोखर पळून काढावा लागे. पुढे सीमारेषा आली. आता चेंडू रेषेपार गेला की फलंदाज बॅटवर रेलून उभा राहतो आणि खात्यात चार 'धावा' पडतात. एक पाऊलही न टाकता काढलेली धाव ही, तर्काने पाहिलं तर, 'रन'च्या यादीतली सर्वांत विचित्र नोंद ठरावी. पण ती कोणाही मराठी पोराला विचित्र वाटत नाही, कारण त्या अर्थापर्यंत येणारी वाट त्याच्या डोळ्यांसमोर रोज चाललेली असते.

ही चित्रं म्हणजे अभ्यासकांनी मागाहून रचलेली कविकल्पना आहे, असंही कोणी म्हणेल. म्हणून एका प्रयोगाकडे वळणं बरं. अमेरिकन अभ्यासक टीनी मॅटलॉक यांनी २००४ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत वाचकांना आधी प्रवासाच्या छोट्या गोष्टी दिल्या. काहींतला प्रवासी भरभर जाई, काहींतला रखडत. कुठे प्रदेश सपाट, कुठे खडकाळ. गोष्टीनंतर एक साधं वाक्य: रस्ता दरीतून 'धावतो', या धर्तीचं. रस्ता हलत नाही, गोष्ट संपलेली आहे, वाक्याचा अर्थ स्पष्ट आहे; तरी रखडणाऱ्या प्रवाशाची किंवा अवघड प्रदेशाची गोष्ट वाचलेल्यांना हे वाक्य समजून घ्यायला जास्त वेळ लागला. रस्ता दरीत 'आहे' असं निश्चल वाक्य दिलं तेव्हा हा फरक दिसला नाही. म्हणजे स्थिर रस्त्यासाठी गतीचं क्रियापद वापरलं की वाचणाऱ्याचं मन त्या रस्त्यावरून थोडंसं चालून येतं. कोशात क्रमांक देऊन वेगळी ठेवलेली नोंद डोक्यात तितकी वेगळी नसते.

या सगळ्याचा व्यवहारात अर्थ इतकाच की जोडी पाठ करून अशा शब्दांशी मैत्री होत नाही. यंत्रांनाही ते जमलं नाही. १९६० साली येहोशुआ बार-हिलेल या इस्रायली विद्वानाने पूर्णपणे यांत्रिक आणि तरीही उत्तम दर्जाच्या भाषांतराची आशा सोडावी असं सुचवताना 'पेन' या क्षुल्लक शब्दाचं उदाहरण दिलं होतं. खेळण्यांची पेटी 'पेन'मध्ये आहे म्हटल्यावर ती लेखणीत मावणार नाही, बाळाच्या कठड्यातच असणार, हे यंत्राला कोण सांगणार? पुढे यंत्रं सुधारली ती कोशातल्या जोड्या वाढवून नव्हे, तर प्रत्येक शब्द कोणाकोणासोबत येतो याची प्रचंड वही ठेवून. ब्रिटिश भाषाशास्त्रज्ञ जे. आर. फर्थ १९५७ च्या सुमारास हेच सांगत होते की शब्दाची चौकशी त्याच्या नेहमीच्या सोबत्यांकडे करावी. 'रन'सोबत नाक, नळ, रंग आले तर वाहणे. दुकान, शाळा, संस्था आली तर चालवणे. रस्ता, कुंपण, डोंगररांग आली तर नुसतं जाणे. ताप आला तर मराठीत धावण्याला सुट्टी, ताप 'असतो' किंवा 'येतो'. धोका आला तर पत्करणे. चांगला मराठी अनुवादक हे सोबती पाहूनच क्रियापद निवडतो, आणि सोबत्यांकडे पाहिलं नाही की वर्तमानपत्रात 'कंपनी धावण्यासाठी भांडवल हवे' असली वाक्यं उगवतात. अर्थात दरवेळी शब्दशः घेणं फसतंच असं नाही. 'रनिंग कॉमेंटरी'चं 'धावतं समालोचन' शब्दाला शब्द ठेवून केलेलं आहे आणि झकास जमलं आहे, कारण मराठीत धावती भेट आणि धावती नजर आधीच होती. नव्या पाहुण्याला बसायला पाट मांडलेलाच होता. विमानाची 'धावपट्टी'ही तशीच रुळली. आगगाडीच्या बाबतीत तर मराठीने आपली चाल सोडून इंग्रजीची गती घेतली. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला गेलेली पहिली गाडी आपल्या इतिहासाच्या पुस्तकांत 'धावली', आणि गणपतीच्या दिवसांत कोकणात जादा गाड्या आजही 'धावणार' असतात. सुटतात, थांबतात, रखडतात त्या नंतर.

आणि 'धाव' या आपल्या नामाकडे पाहिलं तर 'रन'ची कुंडली मराठीत आधीच मांडलेली दिसते. इंग्रजीत कोंबड्यांना फिरायला सोडायच्या जाळीच्या आवाराला 'रन' म्हणतात, बर्फावरून घसरायच्या उतारालाही 'रन'. क्रियेचं नाव जागेला मिळालं. मराठीत विहिरीवर मोट चालायची तेव्हा बैल ज्या उतारावरून खाली जात पाणी ओढायचे त्या उताराला 'धाव' म्हणत. बैल त्यावर धावत नसत, सावकाश उतरत. बैलगाडीच्या लाकडी चाकावर लोहार तापवून बसवायचा ती लोखंडी पट्टीही 'धाव'; जमिनीवरून खरी पळते ती तीच, म्हणून. संकटात देवाने धावून यावं म्हणून घातलेली साद म्हणजे 'धावा'. विजेचा पंप आला आणि मोट गेली, रबरी टायर आले आणि लोखंडी पट्टी गेली. शेतावरचे दोन्ही अर्थ आज कोशात आणि म्हाताऱ्या माणसांच्या बोलण्यात उरले आहेत. मोकळा झालेला शब्द क्रिकेटने उचलला. धावसंख्या, धावफलक, धावबाद. शेवटच्या षटकात अकरा धावा हव्या असतात तेव्हा धावा काढणारे आणि धावा करणारे, दोघेही एकाच मैदानात असतात.